सस्पेंड झालात? आधी बघा, चौकशीपुरतं की शिक्षा म्हणून

पीथमपूरला कामाला जाणाऱ्या इंदूरच्या पोरांपैकी कुणी "सस्पेंड केलं" म्हणत घरी आलं की अर्धं घर धरूनच चालतं की नोकरी गेली, आणि मग कुणीतरी सल्ला देतंच की राजीनामा देऊन मोकळा हो, रेकॉर्ड तरी खराब होणार नाही. प्लीज, असं करू नका. सस्पेन्शन दोन प्रकारचं असतं, कागद दिसायला जवळपास सारखाच, पण तुमचे हक्क दोन्हीकडे पार वेगळे.

पहिलं म्हणजे चौकशी होईपर्यंतचं. लेटर आपल्याकडे बहुतेक हिंदीत येतं, त्यात "जांच लंबित रहने तक निलंबित किया जाता है" असं काहीसं लिहिलेलं असतं आणि दिवसांचा आकडा नसतो. ही शिक्षा नाहीच. आरोप अजून सिद्ध व्हायचाय, तुम्ही नोकरीत आहात, फक्त तोवर कामावर यायचं नाही एवढंच. आणि नोकरी चालू आहे म्हणूनच कंपनीला पैसे द्यावे लागतात, त्याला निर्वाह भत्ता म्हणतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा लागू झालाय, त्यात स्पष्ट आहे की पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के आणि त्यानंतर 75 टक्के, फक्त चौकशी तुमच्यामुळे लांबलेली नको. म्हणजे पगार 20,000 असेल तर आधी महिन्याला 10,000, मग 15,000. चौकशीही साधारणपणे 90 दिवसांत संपवायची असते. टक्केवारी जुन्या कायद्यातही हीच होती, तेव्हा एचआरने "असं काही नसतं" म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

भत्ता म्हणजे काही उपकार नाही हे कोर्टाने फार आधी सांगितलंय. 1973 सालची सुप्रीम कोर्टाची केस आपल्या मध्यप्रदेशातलीच आहे. सरकारी कर्मचारी, राहायला रीवाला, आणि चौकशी लावली जगदलपूरला, सुमारे 500 किलोमीटरवर (तेव्हा ते आपल्याच राज्यात होतं), भत्ता वेळेवर मिळाला नाही, जायला पैसे नाहीत, तो गेला नाही, त्याच्या मागे चौकशी उरकली आणि काढून टाकलं. सुप्रीम कोर्टाने ती बडतर्फी रद्द केली, कारण हातात पैसाच नसेल तर माणूस बाजू मांडणार कशी. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण पगार बंद करून माणसाला थकवायचं आणि त्याने आपणहून राजीनामा द्यायची वाट बघायची हे आजही चालतं, आणि हे सरळसरळ चूक आहे.

चौकशीत निर्दोष ठरलात तर त्या काळाचा पूर्ण पगार मिळतो, दिलेला भत्ता वजा करून. दोषी ठरलात तरी आधी दिलेला भत्ता परत मागता येत नाही, आदर्श स्थायी आदेशांत (स्थायी आदेश म्हणजे कारखान्याचे नोकरीचे लेखी नियम, आणि आदर्श म्हणजे सरकारने दिलेला त्यांचा नमुना) हे दोन्ही लिहिलेलं होतं. एक मात्र सांभाळा, भत्ता घेत असताना दुसरीकडे नोकरी धरायची नाही, नाहीतर तो बंद होतो.

आता दुसरं, शिक्षा म्हणून केलेलं. इथे दिवस मोजून दिलेले असतात, "दंडस्वरूप तीन दिवस" वगैरे, त्या दिवसांचा पगार नाही आणि भत्ताही नाही. केंद्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत एका वेळी जास्तीत जास्त 4 दिवस अशी मर्यादा होती, तुमच्या कारखान्याचं काय ते तिथल्या स्थायी आदेशांत बघा. पण ही शिक्षा आधी चार्जशीट (कंपनीचं लेखी आरोपपत्र), मग तुमचं उत्तर, मग चौकशी, हे सगळं झाल्यावरच देता येते, आणि चौकशीत तुमच्या बाजूने सहकारी किंवा युनियनचा माणूस बसू शकतो. सुपरवायझरशी सकाळी वाजलं आणि संध्याकाळी "तीन दिवस घरी बस" असं सांगितलं, तर ती चौकशीशिवायची शिक्षा झाली, लगेच लेखी विरोध नोंदवा.

सरकारी नोकरीत हा घोळ कमी, कारण तिथल्या शिक्षांच्या यादीत निलंबन नसतंच, म्हणजे झालं तर पहिल्या प्रकारचंच.

लेटरवर दोन्हीपैकी काहीच स्पष्ट नसेल तर अंदाज बांधत बसू नका, एचआरला एका पानाचं पत्र द्या, निलंबन चौकशीपुरतं आहे की शिक्षा म्हणून, चार्जशीट कधी देणार, भत्ता कुठल्या तारखेला जमा होणार, एवढंच विचारा. कॉपीवर पावती घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून स्लिप जपून ठेवा.

संहितेतली स्थायी आदेशांची आणि भत्त्याची तरतूद 300 किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणाला आहे. छोट्या ठिकाणी, किंवा मॅनेजर असाल तर, अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, सस्पेंड करायचा अधिकार कंपनीने त्यात ठेवलाय का? 1959 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की करारात, स्थायी आदेशांत किंवा कायद्यात तो अधिकार नसेल तर मालक कामावर येऊ नको म्हणू शकतो, पण पगार पूर्ण द्यावा लागतो, अर्धा नाही.