कमेटी आणि बोर्ड: कामठीत दिवे कोण बंद करणार?

२०२५च्या मे महिन्यात सरकारनं देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल जाहीर केलं, त्या संध्याकाळी कामठीहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, आपल्या इकडे ब्लॅकआउट झालाच तर रस्त्यावरचे लाइट कोण बंद करन? नगर परिषद का बोर्ड?" जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत सभेचं कामकाज लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली, तेव्हा उत्तर माझ्या खिशातच असणार असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "आधी तुझ्या घराचा टॅक्स कोण घेतं ते पाहून सांग." "टॅक्स बाबा भरतात, विचारून सांगतो," म्हणाला. ते उत्तर आठवड्यानं आलं, तोवर पाकिस्तानशी शस्त्रसंधी होऊन गेली होती. पण प्रश्न बरोबर होता, आणि नागपुरातली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा इथे गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूरकराला कामठी म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरवरचं, कन्हान नदीच्या अलीकडचं गाव. ऑटोमोटिव्ह चौकातून सरळ निघालं की आलंच. कागदावर मात्र ते एक गाव नाही. १८१७मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८२१मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी छावणी टाकली. छावणीमागे बाजार आला, बाजारामागे वस्ती वाढली. पुढे वस्तीचा कारभार एका मंडळाकडे आणि छावणीचा दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली.

वस्तीचं मंडळ म्हणजे आजची नगर परिषद. जुनी माणसं तिला 'कमेटी' म्हणत, आणि ते काही अडाणीपणानं नव्हे. मध्यप्रांताच्या १९२२च्या कायद्यात तिचं नावच म्युनिसिपल कमेटी असं होतं. आता ती महाराष्ट्राच्या १९६५च्या नगर परिषद कायद्याखाली चालते. छावणीचं मंडळ म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, पाटीवर 'छावणी परिषद', लोकांच्या तोंडी नुसतं 'बोर्ड'. त्याचा कायदा आधी १९२४चा, आता २००६चा. एकीचा मालक मुंबईतलं नगरविकास खातं, दुसऱ्याचा दिल्लीतलं संरक्षण मंत्रालय. त्यात नागपूर शहरात सदरजवळच्या एका मोहल्ल्याचं नावच छावणी. तिथे बोर्डाचा काही संबंध नाही, तो भाग महानगरपालिकेचा. बाहेरगावचा माणूस बोर्डाचा पत्ता विचारत तिथे पोचला तर त्याला दोष देऊ नये.

गोंधळाचं खरं कारण मात्र नावात नाही, कामात आहे. दोन्ही मंडळं नाल्या काढतात, दिवे लावतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवतात, भटकी कुत्री पकडतात, खाटकाला आणि दूधवाल्याला परवाना देतात, शाळा-दवाखाने चालवतात. दोन्हीकडे सभा होते, अजेंडा निघतो, कोरम मोजला जातो. सभेच्या रजिस्टरचं पान कसं असतं ते सांगतो, कारण अशी पानं मी शेकड्यानं लिहिली. वरती तारीख, वेळ, हजर सभासदांची नावं. मग 'विषय क्रमांक १: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' हा विषय कधी चुकत नाही. नगरात आग लागो की राजा मरो, आधी मागचं इतिवृत्त कायम होणार. त्याखाली कंत्राटदाराचं बिल, कोंडवाड्याचा लिलाव (आमच्याकडे त्याला कांजीहाऊस म्हणतात), कुणा शिपायाची रजा, कुठल्या तरी गल्लीतली फुटकी मोरी. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक. आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय', ज्यात खरी भानगड लपलेली असते.

युद्धाच्या काळातलं असं रजिस्टर कुणाच्या हाती लागलं, तर पहिल्यांदा निराशाच होते. माणूस बाँब आणि फौजा शोधत असतो आणि पानापानावर मोऱ्या निघतात. पण बघायची नजर असेल तर युद्ध त्यातही दिसतं, आणि कमेटीत एका तऱ्हेनं दिसतं, बोर्डात दुसऱ्या.

कमेटीकडे युद्ध मागच्या दारानं येतं. १९२२च्या कायद्यातली कमेटी नागरिकांची सोय पाहायला बसवलेली. लढाई आली की तिच्या हाती नवं काही पडत नाही, असलेलं तेवढं महाग होतं. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचं तेल थांबलं आणि रॉकेलची मारामार सुरू झाली. ज्या गावात रस्त्याला रॉकेलचे कंदील होते तिथे दिवाबत्तीचा विषय सभेत येणारच: किती कंदील लावायचे, चांदण्या रात्री लावायचेच का. ब्लॅकआउटचा हुकूम यायच्या आधीच तिथे अर्धा ब्लॅकआउट. तसंच सुट्ट्या पैशांचं. युद्धात चिल्लर बाजारातून गायब झाली. टॅक्सच्या खिडकीवर माणूस रुपया घेऊन उभा, आणि त्याला परत द्यायला मुन्शीकडे आणे नाहीत. १९४३मध्ये सरकारनं मधे भोक असलेला पैसा काढला, धातू वाचवायला. म्हातारी माणसं तो दोऱ्यात ओवून ठेवत. आणि महागाई भत्ता! आज तो नोकरदाराला जन्मसिद्ध वाटतो, पण आपल्याकडे तो रुजला या दोन महायुद्धांच्या महागाईत. भंगी, भिस्ती, कंदीलवाले अर्ज करणार आणि सभासद तिजोरीकडे बोट दाखवणार.

त्या काळातली एक गंमत फारशी कुणी बोलत नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडचं काँग्रेसचं मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलं. त्यानंतर १९४६पर्यंत नागपुरातून प्रांत चालवला तो गव्हर्नरनं, निवडून आलेल्या मंत्र्यांशिवाय. वरचा मजला रिकामा, आणि तळमजल्यावर कमेट्या बसलेल्या, सूचक-अनुमोदकासकट. लोकांनी निवडलेल्या माणसानं सरकारी कागदावर सही करायची जागा म्हणून जवळपास एवढीच उरली होती. डी.सी. साहेबांची, म्हणजे डेप्युटी कमिशनरची, चिठ्ठी आली की मान डोलवावी लागे हे खरं. पण त्या चिठ्ठीवर सभेत चर्चा होत असे, हेही खरंच. वरून लगाम आजही आहे. १९६५च्या कायद्याच्या कलम ३०८नं जिल्हाधिकारी नगर परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतो. माझ्या नोकरीत असा एक ठराव थांबला होता. ज्या पुलाखातर तो केला, तो पूल अजून आहे तसाच आहे, म्हणजे नाही.

बोर्डाकडे युद्ध पुढच्या दारानं येतं आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसतं. बोर्डाचा अध्यक्ष निवडून येत नाही, तो छावणीचा स्टेशन कमांडर असतो. शेजारी काही नेमलेले लष्करी अधिकारी, आरोग्य अधिकारी, इंजिनिअर, आणि बाजारातून निवडून आलेले मेंबर. मोठ्या छावणीत निवडून आलेले आठ, आणि त्यांच्यासमोर तितकेच सरकारी. नगर परिषदेत मुख्याधिकारी असतो तशी इथे सीईओची जागा, पण तो संरक्षण मालमत्ता सेवेतून आलेला, दिल्लीचा माणूस. मेंबरांतून उपाध्यक्ष होतो. बाजारभागासाठी सिव्हिल एरिया कमिटी असते, ती म्हणजे बोर्डाच्या पोटातली छोटी कमेटी. भाच्यासारख्याला इथेच चकवा लागतो: बाजारात उभं राहून पाहिलं तर सगळं नगर परिषदेसारखंच दिसतं.

फरक कळतो तो नकाराच्या वेळी. बोर्डानं बहुमतानं ठराव केला आणि अध्यक्षाला वाटलं की यानं फौजेच्या आरोग्याला, हिताला किंवा शिस्तीला धक्का बसेल, तर कारण इतिवृत्तात लिहून तो त्याची अंमलबजावणी महिनाभर रोखू शकत असे आणि प्रकरण वर कमांडकडे पाठवत असे. १९२४च्या कायद्यातली ही तरतूद. 'नागरिकांची सोय' हा शब्द त्या वाक्यात नाही, हे ध्यानात घ्यावं. म्हणजे कमेटी युद्ध असूनही नाली काढते आणि बोर्ड युद्धासाठी नाली काढतं. नाली तीच, फावडं तेच. बोर्डातल्या नालीत डास झाले तर ते उद्या परेडला उभ्या राहणाऱ्या पोराला चावणार, म्हणून ती निघते. दूधवाल्याच्या गोठ्यावर बोर्डाचा आरोग्य अधिकारी इतका का चढतो, तर ते दूध बराकीत जाऊ शकतं म्हणून.

जमिनीत तर फरक अजून खोल आहे. नगर परिषदेच्या हद्दीत, निदान आपल्या नागपूर भागात, वाद नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, असतो: पट्टा कुणाचा, भाडेपट्ट्याचं नूतनीकरण झालं का. बोर्डात जीएलआर म्हणजे जमिनीचं रजिस्टर काढलं जातं आणि त्यात 'ओल्ड ग्रँट' असा शेरा निघतो. म्हणजे १८३६च्या गव्हर्नर जनरलच्या हुकमाखालची जागा. बंगला तुमचा, जमीन सरकारची, आणि सरकारला हवी तेव्हा मोबदला देऊन परत. माझ्या एका मित्राच्या सासऱ्यांचा असा जुना बंगला आहे, कुठल्या छावणीत ते राहू द्या. कवेलू फुटले, पावसाळा तोंडावर, आणि परवानगीचा कागद इकडून तिकडे फिरत राहिला. शेवटी त्यांनी ताडपत्री टाकली. ताडपत्रीला परवानगी लागते का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

बेचाळीसची गोष्ट घ्या. ऑगस्ट १९४२मध्ये आपल्याकडे 'चले जाव'च्या उठावात चिमूर, आष्टीला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कमेटीच्या हद्दीत घोषणा देणाऱ्यामागे पोलीस आणि भारत संरक्षण नियम होते. बोर्डाच्या हद्दीत त्यांच्या जोडीला खुद्द कॅन्टोन्मेंट कायदा होता. राजद्रोही वाटणाऱ्या माणसाला छावणीबाहेर काढण्याची सोय त्या कायद्याच्या पोटातच आहे, नाल्या आणि परवान्यांच्या कलमांच्या शेजारी. नळपट्टी आणि हद्दपारी एकाच पुस्तकात. मला हे नेहमी विलक्षण वाटत आलंय. नगर परिषदेच्या कायद्याचं पुस्तक मी घरी नेऊन वाचत असे, त्यात असं काही कुठेही नाही.

आणि १९२४च्या कॅन्टोन्मेंट कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम १४. लष्करी हालचालींमुळे गरज पडली तर केंद्र सरकार बोर्डाची रचनाच बदलू शकतं. मग निवडून आलेले मेंबर घरी, आणि बोर्डात तिघे उरतात: स्टेशन कमांडर, एक लष्करी अधिकारी, आणि सरकारनं नेमलेला एक बिगरसरकारी माणूस. कायदा करणाऱ्यांनी युद्ध आधीच गृहीत धरलं होतं, असा याचा अर्थ. त्याच कलमात दुसरा पर्यायही ठेवला: 'किंवा छावणीच्या कारभारासाठी इष्ट वाटल्यास.' २००६च्या कायद्यात त्याचं कलम १३ झालं, तिघांत लष्करी अधिकाऱ्याच्या जागी सीईओ आला, बाकी गाभा तोच.

आता गंमत पाहा. देशातल्या बहुतेक छावणी बोर्डांच्या निवडणुका २०१५नंतर झालेल्याच नाहीत. मुदत संपली, वाढवली, पुन्हा वाढवली, आणि २०२१पासून याच कलमानं तिघांची बोर्डं बसली. म्हणजे बाजारातला मेंबर घरी गेला तो कुठल्या लढाईमुळे नाही, त्या 'किंवा'मुळे. निवडणुका का नाहीत, तर छावण्यांचा बाजारभाग शेजारच्या पालिकांना जोडायचं घाटतंय. हिमाचलातल्या योलपासून २०२३मध्ये सुरुवात झाली. महाराष्ट्रात अशा सात छावण्या: पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि आपली कामठी. (पैकी दोन शहरांची नावं आता बदललीत, पाट्यांचं काम सुरूच असतं.) नगर परिषदांनी मात्र फार ऐट करू नये. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर २०२२च्या आसपास प्रशासक येऊन बसले आणि वर्षानुवर्षं बसून राहिले. त्या काळात सूचकही तोच, अनुमोदकही तोच, मंजुरीही त्याचीच. इतिवृत्त कायम करायचा विषय तेव्हाही पहिलाच असे, असं मला माझ्या जागी आलेल्या पोरानं सांगितलं.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. रस्त्याचा दिवा ज्याच्या हद्दीत, तो त्यानं बंद करायचा. बाजारभागात बोर्डानं, वस्तीत नगर परिषदेनं, आणि बराकींच्या आत लष्कराच्या इंजिनिअर खात्यानं, ज्याला सगळे एमईएस म्हणतात. एकाच संध्याकाळी एकाच गावात तीन बटणं. ती एका वेळी कशी दाबायची याचं शिक्षण देणारं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय मात्र आपल्या नागपुरातच निघालं होतं, १९५७मध्ये. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, १९६८मध्ये हे मिळालं.

आठवड्यानं भाच्याच्या बाबांनी टॅक्सच्या पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी चष्मा लावून शिक्का मोठा करून पाहिला. बोर्डाचा नव्हता. नगर परिषदेचाही नव्हता. त्यांचं घर नाक्यापलीकडे, लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत निघालं. मी फोन केला. "मामाजी, म्हणजे आमचे लाइट सरपंच बंद करन?" "हो," मी म्हटलं, "पण आधी ते लागतात का पाहा."