शतपाद म्हणजे शंभर पाय? मोजून बघा

‘गोमेला बरोबर शंभर पाय, म्हणूनच ती शतपाद’ हे वर्षानुवर्षे फिरतंय. नावच तसं, कुणालाही खरं वाटेल. पण इथलं ‘शत’ म्हणजे नुसतं पुष्कळ. गोमेच्या धडाच्या एका वलयाला पायांची एकच जोडी, आणि पूर्ण वाढलेल्या गोमेत या जोड्या विषम असतात: १५, २१, २३... शंभर पायांना लागतील ५०, म्हणजे सम. गणित तिथेच अडतं.

मोरीत निघणाऱ्या जाड, लालसर गोमेचा लांबूनच वरून फोटो काढा, मोठा करा, एकाच बाजूचे पाय मोजा. बहुधा २१ भरतील. डोक्याखालचे दोन वाकडे आकडे मात्र धरू नका. ती विषाची नांगी, मुळात पायांचीच पहिली जोडी! वलयाला दोन-दोन जोड्या दिसल्या, तर ती गोम नव्हेच, पावसाळ्यातला पैसा किडा.