चालण्यापेक्षा थांबणं अवघड

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लॅट रॉक इथे फोर्डचा कास्टिंगचा, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवण्याचा, कारखाना होता. २५ जानेवारी १९७९ला तिथला २५ वर्षांचा कामगार रॉबर्ट विल्यम्स रॅकवर चढला. रॅकमधून कास्टिंग काढून द्यायचं काम खरं तर यंत्राचं. ते रखडत होतं म्हणून माणूस वर गेला, आणि यंत्राचा हात मागून येऊन त्याला लागला. रोबोमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. यंत्र बिघडून बेफाम सुटलं नव्हतं. त्याच्या वाटेत कुणी आहे हे त्याला कळत नव्हतं, एवढंच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात कास्टिंग म्हणजे रोजचा विषय. फेटलिंगमधून, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथून, मशीनशॉपला माल न्यायला उद्या स्वतःची वाट स्वतः काढणारी गाडी आणली, तर सॉफ्टवेअर इंजिनिअरचं निम्मं डोकं ती थांबवण्यात जाईल.

साधा हिशेब मांडू. गाडीचा वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. समोरचा पाय दिसून ब्रेक लागेपर्यंत ०.४ सेकंद धरले, तर तेवढ्यात ६० सेंटिमीटर गेले. पुढे दर सेकंदाला एक मीटरने वेग उतरत असेल, तर आणखी ११२ सेंटिमीटर. झाले जवळजवळ पावणेदोन मीटर! वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. त्यात फाउंड्रीच्या जमिनीवर वाळू सांडलेली असणार, चाकं घसरणार. स्वच्छ फरशीवर रिकामी गाडी पळवून काढलेला आकडा इथे कुचकामी.

गाडीचे डोळे म्हणजे लेझर स्कॅनर. फिरत्या आरशातून किरण सोडायचा आणि तो कशावर आपटून किती वेळात परत येतो ते मोजायचं. एक मीटरवरून परत यायला त्याला सात नॅनोसेकंदही लागत नाहीत. पण धुळीचा लोट आला तरी किरण परत येतोच. मग धूळ की पाय? इंजिनिअर सांगतो, आणखी दोन फेऱ्या बघ, मगच ठरव. एक फेरी ४० मिलिसेकंदांची असेल, तर या खात्रीपोटी गाडी १२ सेंटिमीटर पुढे सरकते. ते अंतर हिशेबात धरावंच लागतं.

वाट शोधणारा, कॅमेऱ्यातून माणूस ओळखणारा प्रोग्रॅम कितीही हुशार असो, थांबवण्याचा अखेरचा निर्णय त्याच्यावर सोडत नाहीत. त्यासाठी वेगळा, मुद्दाम छोटा ठेवलेला प्रोग्रॅम असतो. दोन स्वतंत्र वाटांनी एकच गोष्ट तपासायची आणि उत्तरं जुळली नाहीत तर थांबायचं. ब्रेकही उलट्या डोक्याचा: करंट असेल तरच सुटतो, करंट गेला की स्प्रिंग तो आवळते. वायर उंदराने कुरतडली तरी गाडी जागेवर उभी.

अशा गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक आहे. त्यातल्या चाचणीत ७० मिलिमीटर व्यासाचा, ४०० मिलिमीटर उंचीचा उभा दंडगोल वाटेत ठेवतात. हा माणसाचा पाय. पडलेल्या माणसासाठी २०० मिलिमीटर व्यासाचा, ६०० मिलिमीटर लांबीचा आडवा.

एवढं करून गाडी उगाचच थांबायला लागली तर? माझ्या मते खरा धोका इथेच आहे. दिवसातून दहादा विनाकारण थांबणारी गाडी लोक ढकलतात, स्कॅनर बायपास करतात, नाहीतर वैतागून तिच्या पुढ्यात जाऊन काम उरकतात. म्हणून गाडी कुठे, कधी आणि कशामुळे थांबली याची नोंद रोज वाचावी लागते. शेकआउटजवळ साच्यांची वाळू झडते, धूळ तिथेच जास्त. तिथे स्कॅनरचा पल्ला नुसता आखूड करून टाकायचा मोह होतो. त्याऐवजी तेवढ्या पट्ट्यात वेगच निम्मा करावा: थांबायला साठ-पासष्ट सेंटिमीटर पुरतात, मग पल्लाही हक्काने कमी करता येतो आणि धूळ कमी सापडते. दहा मीटरच्या पट्ट्याला सात सेकंद जादा लागतात. ते शिफ्टच्या सुपरवायझरला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर आठवड्यात तो वेग वाढवून मागतो.