हायडॅटिड दोन, प्रत्यारोपणाची गोष्ट एकाची

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘लिव्हरमध्ये हायडॅटिड सिस्ट’ असं दिसलं की घरातलं कुणीतरी लगेच मोबाइल काढतं आणि पाचव्या मिनिटाला ‘यकृत प्रत्यारोपण’ हे शब्द वाचून सगळ्यांचे चेहरे उतरतात. इथे दोन वेगळे आजार एकत्र कालवले जातात. दोन्ही एकायनोकॉकस जातीच्या फीतकृमींचे. पण प्रत्यारोपणाची चर्चा असते ती बहुतेक दुसऱ्याची, आणि आपल्याकडे सापडतो जवळजवळ नेहमी पहिला.

पहिला, ग्रॅन्युलोसस, कुत्रा आणि मेंढीत फिरतो. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांवाटे माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात पाण्याची गाठ धरते. कापली तर आत नितळ पाणी आणि बऱ्याचदा द्राक्षाच्या मण्यांसारख्या पिल्लगाठी. नवे कोंब आतल्या बाजूला फुटतात आणि बाहेरून शरीर जाड कवच चढवतं, म्हणून गाठीला हद्द असते. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध, सुईने पाणी काढून आत औषध सोडणं किंवा ऑपरेशन, यांतलं काहीतरी चालतं. निपचित, चुना धरलेली गाठ नुसती नजरेखाली ठेवतात. फुटली तर मात्र जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. प्रत्यारोपणापर्यंत वेळ येणं अगदी विरळा.

दुसरा, मल्टिलोक्युलॅरिस, खोकड आणि शेतातल्या उंदरांसारख्या प्राण्यांचा. (खोकड म्हणजे इंग्रजीतला फॉक्स; मराठीत त्याला ‘कोल्हा’ लिहितात, पण तो वेगळा प्राणी.) वस्ती थंड मुलखात: स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी, पूर्व फ्रान्स, पश्चिम चीन, जपानचं होक्काइदो. भारतातल्या केसेस मोजक्याच. याचे कोंब बाहेरच्या बाजूला फुटतात, कवच नाही, हद्द नाही. कापलेला तुकडा अनारशासारखा जाळीदार दिसतो. पूर्वी याला कॅन्सरच समजत; १८५५ मध्ये जर्मन डॉक्टर फिरखोने हा परजीवी असल्याचं दाखवलं. वागणूक मात्र कॅन्सरचीच: पाच-पंधरा वर्षं गुपचूप पसरतो, फुप्फुसात, मेंदूतही जातो. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण निदानानंतर दहा-पंधरा वर्षांत दगावतात. अल्बेंडाझोल त्याला बहुधा थोपवतं, मारत नाही.

रक्तवाहिन्या आणि पित्तनळी जिथून यकृतात शिरतात तिथेच तो घुसला, की कापून काढायला जागा उरत नाही. मग प्रत्यारोपण. फ्रान्समधल्या बेझाँसोंच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात ते सुरू केलं. पण इथे एक पेच आहे. दुसऱ्याचं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते, आणि कुठे परजीवीचा कण उरला असेल तर त्याला तेच हवं असतं. तो पुन्हा फोफावतो.

यावरचा तोडगा चीनमधल्या शिंजियांगच्या सर्जननी मोठ्या प्रमाणावर वापरला. रुग्णाचं यकृत बाहेर काढायचं, थंड द्रावात ठेवून टेबलावर किडका भाग छाटायचा, रक्तवाहिन्या दुरुस्त करायच्या आणि निरोगी तुकडा त्याच माणसात परत जोडायचा. दाता नको, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही नकोत. अट एकच, पण कठीण: पुरेसं चांगलं यकृत शिल्लक हवं. अल्बेंडाझोल पुढेही चालू राहतंच.

तुमच्या रिपोर्टवर ‘हायडॅटिड’च्या शेजारी सीई १ ते सीई ५ (गाठीचे टप्पे) पैकी काही लिहिलं असेल, तर डॉक्टरांनी त्या गाठीची गणना पहिल्या जातीत केली आहे. दुसऱ्यासाठी ‘अल्व्हिओलर’ हा शब्द शोधा.