तुमचा जुना पाम आणून देण्यापूर्वी हे वाचा

जुन्या पाम, ट्रिओ, हँडस्प्रिंग व्हायझर आणि सोनी क्लिए या खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीसारख्या यंत्रांमधले फोन नंबर, डायरी आणि टिपणे काढून देण्याचे काम आम्ही करतो. येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "चार्ज केला, चालूही झाला, पण आत काहीच नाही. सगळं गेलं का?" पुष्कळदा गेलेले नसते. ते कुठे शोधायचे, हे पाम ओएस, म्हणजे ही यंत्रे चालवणारी सॉफ्टवेअर प्रणाली, कशी घडली ते पाहिले की लक्षात येते.

जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत पाम कॉम्प्युटिंग सुरू केली. पुढच्या वर्षी आलेले त्यांचे पहिले यंत्र, झूमर, संथ निघाले आणि चालले नाही. त्यानंतर हॉकिन्स शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा जवळ बाळगू लागले. कोणी भेटीची वेळ सांगितली की तो काढून त्यावर लिहिल्यासारखे करून पाहायचे. आपल्याला नेमके काय लागते, हे त्यांनी असे आधी वापरून ठरवले, मग यंत्र बनवले. आमच्या मते पामच्या यशाचे खरे मूळ इथे आहे.

मार्च १९९६ मध्ये पायलट १००० आणि ५००० बाजारात आले. मेमरी १२८ आणि ५१२ किलोबाइट, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्‌झचा, किंमत २९९ डॉलरपासून. दोन ट्रिपल ए सेलवर यंत्र काही आठवडे चाले. बटण दाबले की डायरी तत्क्षणी उघडे आणि 'सेव्ह' करण्याची भानगडच नव्हती, कारण सगळ्या नोंदी कायम रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, असत. अक्षरे ग्राफिटी या पद्धतीने लिहायची: बहुतेक अक्षरे एकाच फटक्यात, इंग्रजी 'ए' मधली आडवी रेघ न देता. तुमचे हस्ताक्षर यंत्राने शिकण्याऐवजी तुम्ही त्याची अक्षरे शिकायची. लोक थोड्या सरावात ती शिकलेही.

रॅममधल्या नोंदींना सेल संपण्याचा धोका होताच. त्यावर उपाय होता हॉटसिंक. यंत्र क्रेडलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या स्टँडमध्ये, ठेवून एक बटण दाबले की सगळ्या नोंदींची प्रत घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर उतरे. म्हणून तुमची खरी वही पाममध्ये नाही, त्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर असण्याची शक्यता जास्त आहे. सी ड्राइव्हवर किंवा प्रोग्रॅम फाइल्समध्ये 'पाम' नावाचा फोल्डर शोधा. त्यात तुमच्या नावाचा फोल्डर असतो, त्याच्या आत पत्ते, डायरी, टिपणे आणि 'बॅकअप'. कृपया रिकामा झालेला पाम त्या संगणकाला जोडू नका. हॉटसिंकची दिशा चुकीची निवडलेली असेल तर रिकाम्या नोंदी भरलेल्या नोंदींवर बसतील. आधी पूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

मार्च २००० मध्ये पामचे शेअर ३८ डॉलरला विकायला आले आणि पहिल्याच दिवशी ९५ डॉलरवर बंद झाले. मूळ मालक थ्रीकॉमपेक्षा पामचे बाजारमूल्य जास्त झाले. सोनी, आयबीएम आणि सॅमसंगही पाम ओएसवर यंत्रे काढत होत्या.

उतार मात्र लगेच लागला. हॉकिन्स आणि त्यांचे पाममधले सहकारी डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन १९९८ मध्येच बाहेर पडून हँडस्प्रिंग ही कंपनी काढून बसले होते. २००१ मध्ये पामने नवी मॉडेल्स तयार होण्याआधीच जाहीर केली. ग्राहक थांबले आणि जुन्या मालाचे ढीग पडले. २००३ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले: यंत्रे एकीकडे, पाम ओएस पामसोर्स या वेगळ्या कंपनीकडे. ज्या प्रणालीची सगळी खुबी यंत्र आणि सॉफ्टवेअर एका हाताने घडवण्यात होती, तिचे हे असे व्हावे याचे आम्हाला आजही वाईट वाटते. एका वेळी एकच काम करणाऱ्या त्या प्रणालीला फोन आणि इंटरनेट एकत्र सांभाळायला नवा पाया हवा होता. तो कोबाल्ट नावाने २००४ मध्ये तयार झाला, पण त्यावर एकही यंत्र विक्रीला आले नाही. २००५ मध्ये जपानच्या ॲक्सेस कंपनीने पामसोर्स विकत घेतली. २००६ मध्ये खुद्द पामचा ट्रिओ मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइल प्रणालीवर आला. २००७ चा सेंट्रो हा पाम ओएसवरचा पामचा शेवटचा फोन. त्याच वर्षी आयफोन आला होता. २००९ चा पाम प्री वेबओएसवर चालतो. ती वेगळी प्रणाली आहे आणि तिचे काम आम्ही घेत नाही.

तुमच्याकडे ट्रिओ ६५०, टंगस्टन टी५, टीएक्स किंवा सेंट्रो असेल तर आशा जास्त आहे. २००४ च्या अखेरीपासूनच्या या मॉडेल्समध्ये नोंदी फ्लॅश मेमरीत राहतात, बॅटरी संपली तरी पुसल्या जात नाहीत. पाम थ्री, पाम फाइव्ह किंवा एम १०० वर्षानुवर्षे बंद असेल तर आतली रॅम रिकामी झालेली असते. तिथे संगणकावरची प्रतच शोधावी लागते. मेमरी कार्ड असेल तर तेही तपासू.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पाममध्ये 'प्रायव्हेट' खूण केलेल्या नोंदी फक्त लपवलेल्या असतात. जुन्या मॉडेल्समध्ये मूळ मजकूर कुलूपबंद नसतो, त्यामुळे फाइल उघडली की तो दिसतो. अनेकांनी तिथे बँकेचे पिन लिहून ठेवले होते. तसे काही असेल तर आधी सांगा. ते काम तुमच्या समोर करू आणि आमच्याकडे प्रत ठेवणार नाही.

अजूनही पाम रोज वापरणाऱ्यांसाठी: त्याची दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. त्याआधी नोंदी बाहेर काढून घ्या.

येताना यंत्र, क्रेडल किंवा केबल, मेमरी कार्ड आणि शक्य असेल तर जुना संगणक किंवा नुसती त्याची हार्ड डिस्क आणा. यंत्रातले सेल गळलेले दिसले तर चालू करून पाहू नका, तसेच आणा. पत्ते आम्ही आजच्या फोनमध्ये थेट घालता येतील अशा व्हीकार्ड स्वरूपात देतो, टिपणे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आणि डायरी एक्सेलमध्ये उघडेल अशी.