परिणाममान

दोन गटांच्या सरासरींतला फरक किती मोठा आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे परिणाममान. इंग्रजीत त्याला इफेक्ट साइझ म्हणतात. पी-मूल्यावरून (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) हे कळत नाही, तरी अहवालांत बहुधा तेच आधी मांडले जाते.

सर्वाधिक वापरातले माप म्हणजे कोहेनचा डी : सरासरींतील फरक भागिले दोन्ही गटांचे एकत्रित प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत, त्याचे माप). समजा, काटोलकडच्या एका मोठ्या संत्राबागेत सोडत काढून झाडांचे दोन गट केले, एका गटाला जादा शेणखत दिले आणि प्रत्येक झाडाचे एकेक फळ तोलले. एकाच झाडाची फळे एकमेकांसारखी असतात, म्हणून ही काळजी. सरासरी वजन १५० आणि १४५ ग्रॅम, विचलन २० ग्रॅम निघाले, तर डी ०.२५. गटात २० झाडे असतील तर हा फरक सार्थक ठरत नाही, म्हणजे तो योगायोगाचाही असू शकतो. १,००० असतील तर पी-मूल्य शून्याला टेकते. खताचा गुण तेवढाच, पाच ग्रॅमचा. झाडे वाढल्याने अंदाज पक्का होतो : डीच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा डी बहुधा ज्यांच्या दरम्यान असावा त्या कडा) आधी उणे ०.३७ ते ०.८७, मग ०.१६ ते ०.३४. तरीही दोन्ही गटांतून एकेक फळ उचलले, तर खतवाले जड निघण्याची शक्यता ५७ टक्केच.

डीवर विसंबतानाही सावध राहावे लागते. एकाच वयाची झाडे आणि फक्त आंबिया बहाराची फळे घेतली, आणि विचलन १० ग्रॅमवर आले, तर त्याच पाच ग्रॅमचा डी ०.५ होतो. म्हणून मूळ एककातला फरकही द्यायलाच हवा. झाडाला ६०० फळे धरली, तर पाच ग्रॅम म्हणजे झाडामागे तीन किलो. खताचा खर्च निघतो का, हे बागायतदार यावरूनच ठरवेल.

जेकब कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असे संकेत दिले, पण दुसरा आधार नसेल तेव्हाच ते वापरावेत असे त्यांनीच बजावले होते. लहान नमुन्यांत डी थोडा फुगतो, म्हणून तिथे तो दुरुस्त करून काढलेला हेजेसचा जी (१९८१) वापरतात. ग्लासच्या डेल्टात (१९७६) केवळ नियंत्रण गटाचे (इथे जादा खत न दिलेल्या झाडांचे) विचलन घेतात.

डिंक्या रोग झाला की नाही, अशा नोंदींत सरासरी नसते. तिथे जोखीम-गुणोत्तर, म्हणजे एका गटातली जोखीम भागिले दुसऱ्यातली, काढतात. १०० पैकी १० झाडांऐवजी ५ झाडांना रोग झाला, तर जोखीम निम्मी झाली हे खरे आणि ती पाच टक्क्यांच्या अंतराने घटली हेही खरे. अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्यावेत.