पंचविशीत आई होणारा मासा

कानाचा वरचा काठ दुमडून सोडा बघू. टुणकन पुन्हा सरळ झाला ना? त्यात हाड नसतं, कूर्चा असते. स्टर्जन नावाच्या माशाचा जवळजवळ सगळा सांगाडा अशाच लवचीक कूर्चेचा असतो. मासळी बाजारातल्या मुशीचाही तसाच. पण मुशी शार्कच्या कुळातली, स्टर्जनचं घराणं निराळं. डायनासोरांच्या काळातही ते होतं.

आपल्या नद्यांत हा मासा नाही. तो युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड पाण्यातला. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या टणक ढालींच्या पाच रांगा असतात.

तो जेवतो कसा, ते मला फार आवडतं. गढूळ तळाशी डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून लांब नाकाखाली लोंबणाऱ्या चार मिशा तो चिखलावरून फिरवत जातो. मिशांना अळी किंवा गोगलगाय लागली, की त्यांच्या मागचं तोंड नळीसारखं बाहेर येतं आणि सुर्रकन ती आत ओढून घेतं. मोठ्या स्टर्जनला दात नसतातच!

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो नावाचं मोठं सरोवर आहे. वसंतात बर्फ वितळलं, की तिथले स्टर्जन वुल्फ नदीतून वर चढतात आणि अंडी घालायला थेट काठच्या दगडांपाशी येतात. काठावर उभं राहिलं तर हात लावता येईल, इतके जवळ! एका मादीभोवती अनेक नर जमतात, शेपट्या आपटतात, पाणी नुसतं उसळतं. चिकट अंडी दगडांना धरून राहतात आणि आईबाप निघून जातात.

तिथली मादी पहिल्यांदा अंडी घालते, तेव्हा ती २० ते २५ वर्षांची असते. पुढची खेप आणखी ३ ते ५ वर्षांनी. स्टर्जनच्या अंड्यांना, म्हणजे कॅविआरला, प्रचंड भाव मिळतो. त्यापायी एक मादी मारली, तर तिची जागा घ्यायला दुसरी तयार होईपर्यंत दोन दशकं जातात. शिवाय धरणांनी कितीतरी नद्यांमधली त्यांची वाट अडवली आहे. जगात उरलेली स्टर्जनची प्रत्येक जात धोक्यात आहे, असं २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जाहीर केलं.

वुल्फच्या काठी मात्र अंडी घालण्याच्या दिवसांत स्वयंसेवक रात्रंदिवस पहारा देतात. यंदा तिथे जन्मलेली मादी अंडी घालायला परत येईल, तोवर तुमचं शाळा-कॉलेज कधीच संपलेलं असेल.